पुलीवरच्या पांढऱ्या खुणा

३ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून रोजनिशी. नियमित. मागच्या वर्षीची १२ जानेवारीला बंद पडली होती, पण त्याला पेन जबाबदार होतं.

आजची मुख्य घटना. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीने गाडी पाहिली आणि म्हणाला, साहेब, टाइमिंग बेल्ट बदलायला झालाय. चालत्या गाडीत तुटला तर इंजिन गेलं समजा. सोमवारी सकाळी लावा, संध्याकाळी घेऊन जा. मी नुसता हसलो. घरी येऊन व्हिडिओ पाहिला. एक माणूस शिट्टी वाजवत बेल्ट बदलतो. अकरा मिनिटं! आणि मिस्त्रीला अख्खा दिवस पाहिजे. अकरा मिनिटं काम, बाकी चहा.

निर्णय: बेल्ट मी बदलणार. घरी. स्वतःच्या हाताने.

हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, ती गाडी मला रोज लागते, तिच्यावर प्रयोग नकोत, वॉशिंग मशीनचं काय झालं ते आठवतंय ना. (हिची लॅब बावीस किलोमीटरवर, ड्युटी सकाळी सातची.) वॉशिंग मशीनचा विषय इथे अप्रस्तुत आहे. ते मशीन मुळातच खचलेलं होतं. मी शांतपणे सांगितलं की बेल्ट बदलणं म्हणजे पायजम्यात नाडी घालणं. त्यावर सासूबाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या, नाडीचं टोक आत गेलं की मग सेफ्टीपिन शोधत बसावं लागतं.

सासूबाईंचं हे असंच.

४ फेब्रुवारी, रविवार

बेल्ट आणला. दुकानदाराने विचारलं, बसवणार कोण? मी म्हणालो, मी. त्याने बेल्ट परत घ्यायची पाळी आली तर पावती जपून ठेवा असं सांगितलं. माझं अर्धं आयुष्य अशा पावत्या तपासण्यात गेलंय, हे त्याला काय ठाऊक. मी घरगुती उपकरणांच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. लोक मिक्सर घेऊन येतात, मी पत्र देतो: ‘ग्राहकाने वस्तू स्वतः उघडल्याचे आढळल्याने दावा फेटाळण्यात येत आहे.’ एकोणीस वर्षांत अशी हजारो पत्रं दिली. लोकांना स्वतःच्या कुवतीचा अंदाज नसतो.

सासूबाई आजकाल विसरतात. वय अठ्ठ्याहत्तर. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, तरी चष्मा फ्रिजमध्ये सापडतो. डॉक्टरांनी शंभर पानी वही करायला सांगितली आहे. रोज काय केलं ते चार ओळींत लिहायचं, महिनाअखेर दाखवायचं. पुढची तारीख २६. त्या पोर्चमध्ये खुर्चीत बसून लिहितात, मांडीवर फडकं, फडक्यावर वही. मी आपणहून लिहितो, त्यांना सांगावं लागतं. हा फरक आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

तयारी जोरात. व्हिडिओ चौथ्यांदा पाहिला. शिट्टी जमली.

१० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ७.१०. पोर्चमध्ये गाडी जॅकवर घेतली. उजवं चाक काढलं. ही खिडकीतून म्हणाली, सोमवारी सकाळी सहाला मला निघायचंय. मी म्हणालो, आज दुपारी तुला फिरवून आणतो.

९.४५. खालच्या पुलीचा बोल्ट निघत नाही. व्हिडिओतल्या माणसाचा एका झटक्यात निघाला. त्याचा आधीच सैल केलेला असणार. लोक फसवतात.

१०.५०. पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभा राहिलो. बोल्ट निघाला. मीही निघालो. कुंडी फुटली. कुंडी मुळात चुकीच्या जागी होती. वरच्या मजल्यावरचे काका बाल्कनीतून म्हणाले, लागलं का? मी म्हणालो, प्रोसेस आहे.

१२.०५. झाकण काढलं. आत बेल्ट, वर एक दातेरी पुली, खाली एक. सगळी भानगड खुणांची आहे. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग एका तालात फिरायला हवेत. एखाद दुसऱ्या दाताचा फरक पडला की आत झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, आणि खेळ खलास. म्हणून बेल्ट काढायच्या आधी खुणा करायच्या. कारखान्याची खूण असते म्हणे, पण काळ्या चिखलात मला काही दिसली नाही. ऑफिसातून आणलेल्या व्हाइटनरने मी माझ्या खुणा केल्या. दोन्ही पुलींवर एकेक, समोर इंजिनावर एकेक. ठसठशीत. याला म्हणतात प्लॅनिंग.

२.३०. बेल्ट निघाला! ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकायचं ठरवलं. पण पुली इतक्या कळकट की फोटोत शोभेना. रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन वीस मिनिटं घासल्या. दोन्ही. समोरचं इंजिनही. आरशासारखं चमकायला लागलं. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, अहो, किती घासाल, दात झिजतील त्याचे. मी लक्ष दिलं नाही. फोटोला चौदा अंगठे आले. साहेबांचाही.

४.००. थकलो. नवा बेल्ट उद्या. अकरा मिनिटांचं तर काम आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ८.२०. खुणा नाहीत.

८.४५. खरंच नाहीत. टॉर्च मारून पाहिलं. कुणीतरी पुसल्या आहेत.

१०.३०. हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला मी नाही. खालच्या पुलीवर एक रेघ दिसली. ती जुळवली, वरचं अंदाजाने. नवा बेल्ट चढवला. इंजिन चालू करण्याआधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा, असं व्हिडिओत तीनदा सांगतात. फिरवलं. दीड फेऱ्यावर अडकलं. नवा बेल्ट आहे, घट्ट असणारच. नवे बूटही चावतात. पाइप लावून फिरवलं. कट्ट करून काहीतरी झालं आणि पुढे गेलं. बसलं जागेवर.

११.१५. चावी मारली.

दुपारी १.००. आवाजाबद्दल लिहीत नाही. वरचे काका खाली उतरून आले, एवढं पुरे.

४.००. सविस्तर लिहून ठेवणं आवश्यक आहे, कारण उद्या कुणी काही म्हणेल. ही आली, म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, खुणा पुसल्या गेल्यात. ही म्हणाली, कुणी पुसल्या? मी कुणाचंही नाव घेतलं नाही. फक्त सासूबाईंच्या मांडीवरच्या फडक्याकडे पाहिलं. पाहणं म्हणजे बोलणं नव्हे. हिनेही तिकडे पाहिलं आणि हिचा चेहरा पडला.

सासूबाई म्हणाल्या, मी? मी नाही हो हात लावला. आता अशा वेळी कुणीतरी ठाम राहायला हवं, नाहीतर घरात गोंधळ होतो. मी म्हणालो, आई, तुमच्या लक्षात नसेल. चौतीस वर्षं फळा पुसलाय तुम्ही. पांढरं दिसलं की हात आपोआप जातो. मला स्वतःलाच हा मुद्दा फार पटला. ही म्हणाली, आई, काल संध्याकाळी तू पोर्चमध्ये पुसापुशी करत होतीस ना? सासूबाई स्वतःच्या तळव्यांकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, असेल. पुसलं असेन मीच.

प्रश्न मिटला. कुणी आवाजही चढवला नाही. आमचं घर सुसंस्कृत आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

ही पहाटे पाचला उठून दोन बस बदलून गेली. जाताना गॅसचा लायटर आणि सासूबाईंकडची गेटची किल्ली पर्समध्ये टाकून घेऊन गेली. म्हणाली, जिला काल काय पुसलं ते आठवत नाही, तिने गॅस चालू ठेवला तर? आणि आई एकटी वाचनालयात गेली आणि रस्ता विसरली तर?

साडेसहाचा चहा आमच्याकडे सासूबाईंचा. ही बारा वर्षांची पद्धत. आज साडेसहाला त्या उठल्या, ओट्यापाशी गेल्या, लायटरची रिकामी खुंटी पाहिली आणि परत येऊन बसल्या. मी माझ्याकडच्या काड्यापेटीने चहा केला. साखर जास्त झाली. त्यांनी सगळा प्यायला आणि छान झालाय म्हणाल्या.

मी माझा अर्धा कप मोरीत ओतला. साखरेमुळे असेल.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सहज मागची पानं चाळली. दहा तारखेला मी ‘रॉकेलने घासल्या’ असं लिहिलंय. आता ‘घासल्या’ म्हणजे वरवर. शिवाय माणूस डायरीत जरा फुलवून लिहितोच. आणि समजा माझ्या हातून थोडंफार पुसलं गेलं असलं, तरी उरलेलं त्यांनी पुसलंच नसेल असं कुणी छातीठोक सांगू शकेल का?

ते पान काढून टाकावं असं मनात आलं. पण बाइंडिंग चांगलं आहे, खराब होईल.

१४ फेब्रुवारी, बुधवार

गाडी ओढत मिस्त्रीकडे नेली. दोनशे मीटर. वाटेत ओळखीचे अकरा लोक भेटले. एरवी कुणी भेटत नाही.

मिस्त्रीने झाकण काढलं आणि पुलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, साहेब, तीस वर्षं हे काम करतोय, पण इतकी स्वच्छ पुली बघितली नाही. कुणी साफ केली?

आणि मी म्हणालो, मी.

कसं निघून गेलं तोंडातून कळलं नाही. एवढे दिवस कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

तो म्हणाला, शाबास, साफ केली हे उत्तम केलंत, आता ही बघा. पुलीवर बारीक कोरलेली खूण. कारखान्याची. घाणीखाली होती, घासल्यावर लख्ख वर आलेली. रविवारी सकाळी ती माझ्या नाकासमोर होती आणि मी टॉर्च मारून व्हाइटनर शोधत होतो. मी जुळवली ती रेघ भलत्याच कामाची. आठही झडपा वाकल्यात, इंजिनाचं डोकं उतरवावं लागेल, दोन आठवडे धरा, असं म्हणाला. मी व्हाइटनरचं सांगितलं, तर म्हणाला, तुमच्या पांढऱ्या खुणांची काही गरजच नव्हती.

म्हणजे पुसल्याने काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते मी जुळवल्याने.

म्हणजे सासूबाईंचं नाव पुढे करायचीसुद्धा गरज नव्हती. (मी पुढे केलं नाही. पाहिलं फक्त.)

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मधला मार्ग काढला. हिला सांगितलं की मिस्त्रीच्या मते खुणा पुसल्याने नुकसान झालेलं नाही, तांत्रिक कारण वेगळं आहे, तेव्हा आईंना दोष देऊ नकोस. मला वाटलं, ही खूश होईल. ही भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवून म्हणाली, अहो, गाडी खड्ड्यात जाऊ दे. गाडीचं कुणाला पडलंय? तिने पुसलं आणि तिला आठवत नाही, याचं मला पडलंय. चष्मा विसरणं वेगळं आणि केलेलं काम अख्खंच्या अख्खं विसरणं वेगळं.

मग हिने एक कागद दाखवला. म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणारं केंद्र. सकाळी आठला गाडी येते, संध्याकाळी सहाला सोडते. एक मार्चपासून जागा आहे. फोटोत सगळे म्हातारे एका रांगेत बसून रंगीत चेंडू धरून आहेत.

मी म्हणालो, केंद्र स्वच्छ दिसतंय.

त्यापलीकडे काय बोलणार?

१८ फेब्रुवारी, रविवार

आज खरं सांगायचं ठरवलं. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून.

सकाळी ही दमलेली होती. बसने जाऊन येऊन पाय सुजलेत. दमलेल्या माणसाला असं काही सांगू नये. दुपारी ही झोपली. संध्याकाळी वरचे काका आले आणि गाडीचं काय झालं विचारत बसले. परक्यांसमोर सांगणं बरं नव्हे. काका गेल्यावर जेवायची वेळ झाली, आणि जेवताना शुभ बोलावं.

नवा निश्चय: पुढचा रविवार. सांगायचं तर नीट, भाषणासारखं, मुद्देसूद.

सासूबाईंनी आज कपाटातला चष्मा काढताना मला विचारलं, मी काढू ना? स्वतःचा चष्मा. मला विचारून.

२० फेब्रुवारी, मंगळवार

ही म्हणाली, सोमवारी डॉक्टरकडे जायच्या आधी रविवारी आईची वही पहिल्यापासून नीट वाचून काढते. कुठून बिघडायला लागलं ते कळेल.

खाई त्याला खवखवे म्हणतात. माझा घसा सकाळपासून बसलाय.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

अर्धी रजा टाकून दुपारी घरी आलो. सासूबाई पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या. वही उशाशी. मी फक्त बघणार होतो. घरातल्या माणसाने काळजीपोटी बघणं यात गैर काही नाही.

अक्षर अजून वळणदार. एकही खाडाखोड नाही. इथे उतरवून ठेवतो.

‘१० फेब्रु. शनि. सकाळी चहा केला. पेपर वाचला. जावई इंजिनाची पुली रॉकेलने घासत होते. पांढऱ्या खुणाही घासल्या, त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. सांगावं का? दात झिजतील म्हटलं तर रागावले. राहू दे.’

त्याच पानाच्या मागे:

‘११ फेब्रु. रवि. खुणा मी पुसल्या असं जावई सांगतात. अगदी ठामपणे सांगितलं. कालचं वाचलं, तिथे निराळं लिहिलंय. कोणतं खरं? कदाचित मी लिहितानाच चुकले असेन. मला भीती वाटते.’

पुढच्या पानावर: ‘१२ फेब्रु. सोम. चहा नाही केला.’ त्यापुढे: ‘१३ फेब्रु. मंगळ. चहा नाही केला. वाचनालय नाही.’ मग रोज तेच. चहा नाही केला. चहा नाही केला.

मी ते दहा-अकराचं पान फाडलं.

का फाडलं ते लिहायला बसलो तर तीन कारणं तयार होती. तिन्ही लिहून खोडली. घडी घालून ते पान शर्टाच्या खिशात ठेवलंय. पुढे काय करायचं ठाऊक नाही. आवाज फार झाला फाडताना. पण सासूबाईंनी कूस बदलली नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

पान अजून खिशात. धुवायला टाकलेला शर्ट दोनदा बादलीतून काढला. ही म्हणाली, तुम्हाला काय झालंय? मी म्हणालो, शर्ट आवडतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

भाषण तयार होतं. सात मुद्दे. पहिला, मानवी स्वभाव.

जेवणं आटोपल्यावर ही वही घेऊन बसली. उघडली आणि मधलं एक कोरं पान सुटून जमिनीवर पडलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. मधोमध पिना मारलेली वही, शाळेतल्या कुठल्याही पोराला माहीत असतं: एक पान फाडलं की जोडीचं सुटतं. मी तक्रार विभागात एकोणीस वर्षं काढली, आणि वही फाडायची अक्कल नाही.

ही म्हणाली, आई, हे पान कसं सुटलं गं? मग मागची पानं उलटली. नऊ तारखेनंतर एकदम बारा. ही म्हणाली, आई, तू फाडलंस? का फाडलंस?

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात मागच्या बाकाकडे बघतात ना, कुणीतरी उठून उभं राहील म्हणून, तसं. बराच वेळ. माझ्या खिशात कागद कुरकुरत होता. मुद्दा पहिला, मानवी स्वभाव.

मी उभा राहिलो. आणि पाणी प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा सासूबाई गोंद मागून ते कोरं पान जागेवर चिकटवत होत्या आणि ही स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होती. हिला वाटतं नळामुळे ऐकू येत नाही. केंद्राचा फॉर्म टेबलावर भरलेला आहे. फक्त सही राहिली.

मी नालायक आहे. हे वाक्य खोडणार नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी ३.४०. हे दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर लिहितोय. त्या दोघी औषधांच्या दुकानात आहेत. हिने मला बरोबर येऊ नका असं सांगितलंय.

जसं झालं तसं लिहितो. डॉक्टरांनी विचारलं, महिन्यात नवीन काही? ही सांगायला लागली. गाडीच्या खुणा पुसल्या, तिला आठवत नाही. आता वहीची पानं फाडायला लागली, तेही आठवत नाही. डॉक्टर लिहून घेत होते. म्हणाले, हे झपाट्याने चाललंय, गोळी वाढवू, दिवसा एकटं ठेवू नका, केंद्राचा विचार चांगला आहे. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. हिने पर्समधून फॉर्म काढला आणि सहीसाठी डॉक्टरांकडे पेन मागितलं.

मी उभा राहिलो. या खेपेला पाणी जवळपास नव्हतं.

सात मुद्द्यांपैकी एकही आठवला नाही. मी म्हणालो, त्या खुणा, म्हणजे रॉकेलने पुसल्या गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, कुणाकडून? मी म्हणालो, माझ्याकडून. मी पुसल्या. मग खिशातून पान काढून टेबलावर ठेवलं. घामाने मऊ पडलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारलं, आणि हे फाडलं कुणी? मी म्हणालो, मीच.

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर खोलीत काहीतरी होईल. कुणी पाठीवर हात ठेवेल, निदान थप्पड मारेल. डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन ओळींवर काट मारली, म्हणाले, मग गोळी आहे तीच राहू द्या, आणि केंद्राची काही गरज नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्हाला वेगळी वेळ घ्यायची असेल तर बाहेर नाव नोंदवा. आणि घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

ही बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी जवळ गेलो तर म्हणाली, माझ्या आईला मी पंधरा दिवस वेडी समजले. तुमच्यामुळे. आता जवळ येऊ नका. हिने फॉर्मचे चार तुकडे केले. ते नीट पर्समध्ये ठेवले, कचरा करायचा नाही म्हणून.

सासूबाई माझ्या शेजारी बाकावर बसल्या. मी म्हणालो, आई, मला माफ करा. त्या म्हणाल्या, वर्गात काच फुटली की मी कधी कुणाला नाव घेऊन उठवलं नाही. वाट बघायची. पोर आपणहून उभं राहतं. सगळ्यात जास्त एकाने नऊ दिवस घेतले होते. तुम्ही पंधरा घेतलेत.

मी विचारलं, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?

तर त्या म्हणाल्या, नाही हो, तेच तर. लिहिलेलं रोज वाचायची, आणि वाटायचं की हेही आपण भलतंच लिहिलं असणार. तुम्ही इतक्या खात्रीने बोलला होतात. स्वतःच्या अक्षरावरचा विश्वास गेला माझा. अकरा दिवस मला झोप नव्हती. मग गुरुवारी तुम्ही ते पान फाडलंत. जागीच होते मी. तेव्हा सुटले. खोटं असतं ते, तर तुम्ही फाडलं कशाला असतं?

मग उठल्या. हिच्याबरोबर दुकानाकडे जाता जाता वळून म्हणाल्या, हे सगळं मी हळूहळू विसरणारच आहे. तुम्ही मात्र विसरू नका.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

ही बोलत नाही. बसने गेली. लायटर खुंटीवर आहे, किल्ली सासूबाईंच्या बटव्यात.

दहा तारखेपासूनच्या माझ्या नोंदी वाचल्या. ‘पाहणं म्हणजे बोलणं नव्हे.’ हे मी लिहिलंय, माझ्याच अक्षरात. फाडणार नाही. जोडीचं पान सुटतं.

मिस्त्रीकडे जाऊन सांगितलं की बेल्ट तुम्हीच बसवा. तो म्हणाला, बघायला थांबायचं असेल तर थांबा. थांबलो. झडपांचं काम अजून बाकी आहे, तरी खुणा कशा जुळवतात ते त्याने दाखवलं. हाताने दोन फेरे फिरवायचे, जरा जरी अडकलं तरी थांबायचं, म्हणाला. जोर लावायचा नाही.

सासूबाईंनी संध्याकाळी एक नवी वही आणून दिली. शंभर पानी, रेघांची. एकट्या चालत जाऊन आणली, दुकान आणि परत. म्हणाल्या, रोज चार ओळी. काय केलं तेवढंच लिहायचं. रविवारी मी तपासीन. लाल पेन्सिल अजून आहे माझ्याकडे.

२८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ६.५०. सासूबाईंनी चहा केला.

मी कप धुतले. एक फुटला.

मी फोडला.